दिव्यांपेक्षा गिझर आणि पंख्याकडे बघा
चौघांनी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटचं वीजबिल कमी करायचं, तर सहसा 'दिवे बंद करा' असा सल्ला मिळतो. ९ वॉटचा एलईडी रोज सहा तास चालला तरी महिन्याला दीड-पावणेदोन युनिट. खरा वीज खाणारा गिझर. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, म्हणजे २००० वॉटच्या गिझरला १८ मिनिटं. चौघांनी पाठोपाठ आंघोळी उरका आणि बटण लगेच बंद करा. दिवसभर चालू ठेवला तर टाकी थंड होते, थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा तापवत बसतो.

दुसरा वीज खाणारा म्हणजे पंखा. जुना ७५ वॉटचा रोज बारा तास चालला की महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा ३० वॉटचा, ११ युनिट. फ्लॅट सोडताना काढून नेता येतो. फक्त भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला लावा, नाहीतर पंखा गुरगुरतो किंवा आतलं सर्किट जळतं.

महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पे बदलतात. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. सगळ्या बिलाला लागतो, हा गैरसमज फार आहे.

आणि घरातलं सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. तरीही लुकलुकतोय? मग विजेची गळती आहे, किंवा जिन्यातला दिवा नाहीतर पाण्याची मोटर तुमच्या मीटरवर आहे. आधी घरमालकाला दाखवा, बिल वाटून घेणं नंतर.