जखमी व्हा, पण रीतसर

पोलिसानं जखमी होण्याला कुणाचीच हरकत नसते. खात्याची नाही, सरकारची नाही, पेन्शन मंजूर करणाऱ्या मंडळाची तर मुळीच नाही. हरकत असते ती बेशिस्तपणे जखमी होण्याला. तेव्हा वर्दी अंगावर चढल्या दिवसापासून तयारीला लागा. पुढे कधी कामामुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन मागायची वेळ आली, तर तुम्ही मोडलात की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. मोडलात ते कुणाच्या वेळेत, हा खरा.

म्हणून वेळ सांभाळा. घरून कामावर निघालात आणि वाटेत एखाद्या वाहनानं उडवलं, तर पुष्कळ ठिकाणच्या नियमांनुसार तुम्ही अजून पोलीस झालेलेच नसता. हजेरी लागली की होता. सुटीच्या दिवशी चोराच्या मागे धावायचा मोह होईल. धावा, पण हा पाठलाग अधिकृत धरायचा का, ते आधी विचारून घ्या. 'पोलीस चोवीस तास ड्युटीवर असतो' हे वाक्य समारंभासाठी असतं. अर्जाच्या रकान्यात ते मावत नाही.

पडताना साक्षीदार बघून पडा. अंधारात एकट्यानं भिंतीवरून उडी मारून गुडघा फिरवून घेणं हा निव्वळ निष्काळजीपणा. साक्षीदार शक्यतो वरिष्ठ असावा, आणि अर्ज निकाली निघेपर्यंत त्याची बदली होऊ नये, स्मरणशक्तीही जाऊ नये.

आणि कृपा करून शूरपणा करू नका. ही चूक चांगलीच माणसं करतात. गुडघा मुरगळतो, माणूस पट्टी बांधतो, माणसं कमी आहेत म्हणून पुढची पाळीही करतो. वरिष्ठ पाठ थोपटतात, सेवापुस्तकात 'कर्तव्यदक्ष' असा शेरा पडतो. पंधरा वर्षांनी जिना चढता येईनासा होतो, अर्ज जातो, आणि तोच शेरा मंडळापुढे तुमच्याविरुद्ध साक्ष देतो: खरंच दुखापत झाली असती, तर यांनी रजा नसती का घेतली? नोंदवहीत नोंद नाही, दवाखान्याचा कागद नाही, म्हणजे गुडघाही नाही. तेव्हा कुरकुरे व्हा. खरचटलं तरी त्याच दिवशी लेखी कळवा: तारीख, वेळ, ठिकाण, काय करत होतात, कोणता अवयव, डावा की उजवा. सहकारी हसतील, हसू द्या. पोच घ्या आणि घरी ठेवा, कारण कार्यालयातल्या प्रती तुमच्याआधी निवृत्त होतात.

एवढं करूनही एमआरआय निघतोच. रिपोर्टात 'झीज' हा शब्द दिसला की मंडळाच्या डॉक्टरांचा चेहरा उजळतो. झीज म्हणजे वय, वय म्हणजे निसर्ग, आणि निसर्गाला पेन्शन लागू नाही. त्यांच्या हाती आकडेही आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या लोकांच्याही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आढळल्या: विसाव्या वर्षी ३७ टक्के, ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के. हा आकडा अंगावर आला की अदबीनं परत करा. साहेब, इतक्या जणांची झीज होऊनही त्यांना काही दुखत नाही, मग माझं दुखणं नुसत्या झिजेनं आलं असं कसं म्हणता? वर्षानुवर्षं पिस्तूल, बेड्या आणि वायरलेस लटकवलेला पट्टा कमरेला बांधून गाडीत बसलो, त्याचं काय? कॅलिफोर्नियात कामगार भरपाईच्या कायद्यानं तर हा पट्टा मनावरच घेतला आहे. नोकरीची अट म्हणून तो बांधणाऱ्या ठरावीक पोलिसांची पाच वर्षं पूर्णवेळ सेवा झाली असेल, तर कमरेचं दुखणं कामामुळेच आलं असं तिथे धरून चालतात. तसं नाही, हे समोरच्यानं सिद्ध करायचं. तुमच्याकडे असा कायदा नसेल, तर पट्टा वजनकाट्यावर ठेवून फोटो काढून ठेवा.

कानांचं त्यामानानं सोपं आहे. गोळीबाराच्या आवाजानं गेलेल्या कानाच्या श्रवणचाचणीच्या आलेखात साधारण ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडतो आणि पुढे रेषा पुन्हा वर येते. वयानं गेलेल्या कानाची रेषा घसरतच जाते. फक्त भरतीच्या वेळचा आलेख हवा. तो कुणी काढलेला नसतो.

हृदयाच्या बाबतीत अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पोलिसांना गृहीतकाचा, म्हणजे दुखणं कामामुळेच आलं असं धरून चालण्याचा, फायदा आहे, पण समोरचा पक्ष तुमच्या सिगारेटी आणि तुमच्या वडिलांचं हृदय बाहेर काढतो. सिगारेट सोडता येते. वडील निवडताना काळजी घ्यायला हवी होती.

खरी गंमत मनाची. आघातानंतरचा ताणविकार अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९८० साली आला. काही मंडळांच्या दारात तो अजून ताटकळतोय. गुडघ्याला विचारतात, हे कामामुळे झालं कशावरून? मनाला सांगतात, प्रेतं बघणं, मार खाणं, मेलेल्या पोराच्या आईला निरोप देणं हे तर तुमचं कामच आहे, त्यात विशेष ते काय घडलं? म्हणजे दुखणं कामाचं नसेल तर पेन्शन नाही, आणि अगदी रोजच्या कामाचं असेल तरीही नाही. तुम्हाला मधला मार्ग काढायचा आहे: एखादा प्रसंग असा निवडा की जो पोलिसाच्याच वाट्याला यावा, पण पोलिसालाही अपेक्षित नसावा.

डॉक्टर मात्र निवडता येतो. भला माणूस नको, वाक्य पुरं करणारा हवा. 'कामाशी संबंध असू शकतो' असं लिहिणारा डॉक्टर तुमचा शत्रू आहे, भले त्यानं फी घेतली नसो. काम काय होतं, त्यानं शरीरात काय बिघडलं, आधीचं दुखणं असेल तर कामानं ते कसं वाढवलं, आणि हे नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त का, एवढं त्यानं स्वतःच्या अक्षरात उतरवलं पाहिजे. भरतीच्या दिवशी तुम्ही तंदुरुस्त होता, हा कागद त्याच्यापुढे ठेवा. आधीचं दुखणं लपवू मात्र नका. ते वाढलं हे दाखवून बऱ्याच ठिकाणी काम भागतं, लपवलेलं सापडलं की काहीच भागत नाही.

पेन्शन मंजूर झाली तरी हुरळू नका. पुष्कळ योजनांत फेरतपासणी असते, आणि तुम्ही पिशवी उचलताना कुणी चित्रीकरण करत नाही ना, हेही बघायचं असतं. तपासणीला जाताना फार लंगडलात तर ढोंग, कमी लंगडलात तर सुधारणा. फाटकापासून खुर्चीपर्यंत एकाच मापात लंगडा, आणि आत गेल्यावर बसायला सांगितलं, तर बसण्याआधी गेल्या खेपेला कसे बसला होता ते आठवा.