तुमच्या नाण्यांना शोभेल अशी गाडी कशी निवडावी

नाणी जमवणाऱ्याची आवड आणि त्याची गाडी यांचा मेळ बसतो का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर सर्वप्रथम अभिनंदन. नाण्यांबद्दल पडावेत असे बाकीचे सगळे प्रश्न तुमचे सुटले, असाच याचा अर्थ. आता मेळ बसतो की नाही हे शोधत बसण्यात हशील नाही. कोणत्याही नाणेप्रदर्शनाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे एक नजर टाकली तरी कळतं, की बसत नाही. आत दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून राणीच्या गालावरचा केसाएवढा ओरखडा हेरणारा माणूस बाहेर येतो, आणि बंपर दोरीने बांधलेल्या गाडीत बसून खुशाल निघून जातो. हे खपवून घेण्यासारखं नाही. तेव्हा मेळ बसवायचा कसा, तेवढं सांगतो.

सुरुवात दर्जावाल्यांपासून करू, कारण त्यांची गाडी ठरवणं सर्वांत सोपं. दर्जाची भानगड आधी समजून घ्या. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थांनी तिथल्या जुन्या, तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. कल्पना अशी, की १ दर्जाच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट किंमत ७० दर्जाच्या नाण्याला. किमतीचं हे गणित पुढे कोलमडलं, आकडे मात्र टिकले. मग १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी अशा दोन कंपन्या निघाल्या. नाणं तपासायचं, आकडा द्यायचा आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवायचं, हा त्यांचा धंदा. तेव्हापासून बऱ्याच जणांनी नाणं बघणं सोडून डबीवरचं लेबल वाचायला सुरुवात केली. ७० दर्जा म्हणजे पाचपट भिंगाखालीही दोष दिसत नाही. ६९ म्हणजे कुठेतरी काहीतरी आहे. नेमकं कुठे, ते विकणाऱ्यालाही बऱ्याचदा दाखवता येत नाही. किमतीतला फरक मात्र भिंगाशिवाय दिसतो.

अशा संग्राहकाने गाडी शोरूममधून चालवत घरी आणणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. बिनवापराच्या नाण्यांची रांग ६० पासून सुरू होते; किंचित जरी हाताळलं गेलं तरी नाणं ५८ वर घसरतं. शोरूमच्या फाटकातून चाक बाहेर पडलं, की तुमची गाडी ५८. तेव्हा ती ट्रकवरून आणा, सीटवरचं प्लास्टिक फाडू नका आणि सगळी गाडी पारदर्शक आवरणात ठेवा. (गाडीभोवती फुगवायचे पारदर्शक तंबू खरोखरच विकत मिळतात. गंमत करत नाही.) मात्र आवरणाचं प्लास्टिक कोणतं, ते विचारून घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवली की कालांतराने त्यांच्यावर हिरवट, चिकट थर चढतो. गाडीवर असा थर चढलेला मी पाहिलेला नाही, पण तुमची गाडी तेवढी वर्षं एका जागी उभी राहणार आहे.

गाडीला ६९ मिळाले तर खचून जाऊ नका. नाण्यांच्या जगात अशा वेळी डबी फोडतात आणि तेच नाणं पुन्हा त्याच कंपनीकडे पाठवतात. कधीकधी दुसऱ्या खेपेला आकडा वाढतो. नाणं तेच असतं, तपासणाऱ्याची दुपार वेगळी असते. त्यातही समाधान झालं नाही, तर २००७ पासून आणखी एक सोय आहे: दर्जा देणाऱ्याने दर्जा बरोबर दिला आहे की नाही, हे तपासून डबीवर छोटासा हिरवा स्टिकर लावून देणारी निराळी कंपनी. गाडीच्या काचेवर तसा स्टिकर लावून घ्या. त्या स्टिकरची खातरजमा करणारी कंपनी अजून निघालेली दिसत नाही. पैसे कुठे गुंतवावेत असा प्रश्न असेल तर हे डोक्यात ठेवा.

यानंतर येतात मूळ रूपाचे भक्त. यांचा एकच धर्म: नाणं धुवायचं नाही. चिंच नाही, पावडर नाही, टूथपेस्ट तर नाहीच नाही. घासलं की टांकसाळीतून आलेली मूळ चकाकी जाते आणि मग ती कोणत्याही उपायाने परत येत नाही, हे खरंही आहे. रविवारी सकाळी बादली, साबण आणि फडकं घेऊन हाच माणूस गाडी का घासत असतो, याचं उत्तर मला कोणी अजून दिलेलं नाही. तुम्ही तरी तत्त्वाला जागा. पक्ष्यांनी टपावर जे केलं असेल ते तसंच राहू द्या. विचारणाऱ्याला सांगा, की हा मूळ पृष्ठभाग आहे आणि याला वेगळी किंमत येते.

यातलाच एक पोटपंथ रंग चढलेल्या चांदीच्या नाण्यांमागे वेडा असतो. हवेतल्या किंवा कागदाकापडातल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा पातळ थर बसतो, त्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाशाचे रंग फुटतात आणि एरवी साध्या डॉलरवर सोनेरी, जांभळा, निळा असं इंद्रधनुष्य उमटतं. कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मॉर्गन डॉलरवर, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरवर, हे सुरेख दिसतं, हे कबूल केलं पाहिजे. अशा नाण्यांना जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर ती घरच्या भट्टीत भाजणारे आणि रसायनांत बुडवणारेही निघाले. गाडीच्या बाबतीत अडचण एवढीच, की पत्र्यावर चढतो तो गंज, आणि गंजाला एकच रंग. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर मात्र अगदी तेच इंद्रधनुष्य उमटतं, कारणही तेच, पातळ थर. म्हणजे या पंथाला तेल गळणारी गाडी लाभते. नाणं कपाटात ठेवून गाडी पावसात उभी करा आणि खाली वाकून बघा.

आता माझे लाडके. छापाईतल्या चुका जमवणारे लोक. नाणं मध्यभागी न छापता बाजूला सरकलं असेल, तारीख दोनदा उमटली असेल, चकतीचा तुकडाच उडाला असेल, तर यांच्या डोळ्यांत पाणी येतं. १९५५ च्या अमेरिकन सेंटचा एक साचा तयार करतानाच अक्षरं दुहेरी उमटली. त्या साच्याची हजारो नाणी बाहेर पडली आणि आज नुसत्या डोळ्यांनी धूसर दिसणाऱ्या त्या सेंटसाठी माणसं हजारांत डॉलर मोजतात. बिनचूक सेंट त्याच वर्षी कोट्यवधी निघाले. त्यांना कुणी विचारत नाही.

याहून वरची पायरी म्हणजे दोन वेगळ्या नाण्यांचे साचे एकत्र येऊन झालेलं नाणं. २००० साली अमेरिकेच्या टांकसाळीत एका बाजूला पाव डॉलरचा वॉशिंग्टन आणि दुसऱ्या बाजूला एका डॉलरचा गरुड अशी काही नाणी पडली. किंमत नेमकी किती मानायची, हे त्या नाण्याचं त्यालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच ते लिलावात उत्तम गाडीच्या भावाने जातं. आता गाडीच्या दुनियेत हाच प्रकार बघा. एका अपघातातला पुढचा अर्धा भाग, दुसऱ्या अपघातातला मागचा अर्धा भाग, मध्ये वेल्डिंग. अशा गाड्याही अस्तित्वात आहेत, पण त्यांची वाट लिलावगृहाऐवजी पोलीस ठाण्यात जाते. हा सरळसरळ पक्षपात आहे. चुका जमवणाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवावा आणि कारखान्यातून डावा दरवाजा उजवीकडे बसवून आलेली गाडी परत न करता दुप्पट पैसे देऊन घ्यावी. तक्रार खिडकीवरचा माणूस काय करायचं ते करील.

बाकीच्यांना फार वेळ देण्यात अर्थ नाही. सोन्याच्या वजनावर नाणी घेणाऱ्याला क्रुगरँड या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या नाण्यावरचं हरीण दिसतच नाही, एक औंस दिसतो. त्याने गाडी भंगाराच्या काट्यावर तोलून घ्यावी, जड असेल ती उत्तम. प्राचीन नाणीवाल्याला अथेन्सच्या नाण्यावरच्या घुबडाचं शेपूट चकतीबाहेर गेलेलं चालतं, हातोड्याने पाडलेलं आहे म्हणे. त्याला कोणतीही गाडी द्या, तो तिच्याकडे बघणारच नाही. आणि मुद्दाम १ दर्जाची, झिजून गुळगुळीत झालेली नाणी शोधणारे जे थोडे आहेत, त्यांना माझा सलाम. हे काम दिसतं त्याहून कठीण आहे. नाणं पार झिजलेलं हवं, पण साल आणि जात ओळखू यायलाच हवी. थोडं जास्त झिजलं की ती नुसती चकती. अशा माणसाच्या गाडीवरचं बोधचिन्ह गेलेलं असावं, पण कंपनी कोणती ते पुसट कळावं.

हे सगळं फारच सामान्य लोकांचं वाटत असेल, तर आदर्श म्हणून राजा घ्या. इजिप्तचा फारूक १९३६ साली गादीवर आला आणि १९५२ साली उतरवला गेला. मधल्या काळात त्याने नाणी जमवली आणि गाड्याही. त्याच्या गाड्या लाल होत्या आणि इतर कुणी लाल गाडी बाळगायची नाही असा दंडक होता, म्हणजे भरधाव लाल गाडी दिसली की पोलिसाने शिट्टी न वाजवता सलाम ठोकायचा. जगात आपल्यासारखं दुसरं नसावं, हीच संग्राहकाची मनापासूनची इच्छा. आपण ती जाहिरातींच्या कॅटलॉगातून भागवतो, त्याने फर्मान काढून भागवली. नाण्यांतही त्याच्याकडे १९३३ चा वीस डॉलरचा सोन्याचा डबल ईगल होता, जो अमेरिकेने चलनात आणलाच नव्हता आणि जवळपास सगळा वितळवून टाकला होता. राजा गेल्यावर १९५४ साली कैरोत त्याचा संग्रह लिलावात निघाला, अमेरिकेने हरकत घेतली, नाणं यादीतून काढलं गेलं आणि गडप झालं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सरकारी सापळ्यात एक डबल ईगल सापडला. तो फारूकचाच, असं मानतात. खटला, तडजोड, आणि २००२ मध्ये ७५ लाखांहून जास्त डॉलरना विक्री. वर घेणाऱ्याकडून आणखी वीस डॉलर वसूल केले गेले, कारण नाणं अधिकृतपणे चलनात आणायचं तर त्याची दर्शनी किंमत सरकारजमा नको का? २०२१ मध्ये ते पुन्हा विकलं गेलं, १ कोटी ८९ लाखांच्या आसपास. तेव्हा मेळ बसवायचाच असेल तर आधी एखादं राज्य मिळवा. लाल रंगाचं पुढे बघता येईल.

राज्य जमत नसेल तर फुकटात गाडी मिळवण्याचा एक जुना मार्ग आहे. १९४३ साली युद्धासाठी तांबं लागत होतं म्हणून अमेरिकेने सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. आधीच्या राहून गेलेल्या काही चकत्यांवर मोजके सेंट चुकून काशाचे पडले. मग वदंता उठली, की असा सेंट आणून देईल त्याला हेन्री फोर्ड नवी कोरी गाडी देणार. डॉन लुट्स नावाच्या शाळकरी पोराला १९४७ साली शाळेच्या कॅफेटेरियातल्या सुट्ट्या पैशांत तसा सेंट मिळाला. त्याने फोर्डकडे चौकशी केली. असं काही नाही, असं उत्तर आलं. त्याने नाणं ठेवून दिलं आणि त्याच्या निधनानंतर, २०१९ मध्ये, ते २ लाख ४ हजार डॉलरना गेलं. म्हणजे गाडी देण्याची ऑफर खोटी होती, हे किती बरं झालं बघा. तुमच्याकडे तसा सेंट असेल तर आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर तो पोलादाचा सेंट, वरून तांब्याचं पाणी दिलेला. अशांची संख्या भरपूर आहे.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या, चेष्टेच्या लेखात असली तरी. नाण्यांच्या प्रदर्शनाबाहेर चोर संग्राहकांच्या गाड्यांवर पाळत ठेवतात, वाटेत पेट्रोल भरायला किंवा जेवायला थांबलात की काच फोडतात. त्यामुळे जाणते लोक गाडीवर क्लबचा स्टिकर लावत नाहीत, नंबरप्लेटवर नाण्याचा उल्लेख करत नाहीत आणि जिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशीच गाडी नेतात. दोरीने बांधलेल्या बंपरमागे एवढा विचार असू शकतो. बहुतेक वेळा नसतो, सगळे पैसे नाण्यांत गेलेले असतात. पण तसं म्हणायला तुम्ही मोकळे आहात.

गाडी निवडताना सुरक्षा विसरू नका. १९१३ चा लिबर्टी निकेल, पाच सेंटचा, जगात फक्त पाच. त्यातला एक घेऊन जॉर्ज वॉल्टन नावाचे संग्राहक १९६२ मध्ये प्रदर्शनाला निघाले होते. वाटेत अपघातात ते गेले. चुराड्यातून नाणी गोळा झाली, निकेल तपासायला गेला आणि साल बदललेला नकली म्हणून घरच्यांकडे परत आला. घरच्यांनी तो फेकला नाही, कपाटात ठेवला. चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, तज्ज्ञांनी बाकीच्या चौघांशेजारी ठेवून तो बघितला, तेव्हा खरा निघाला. २०१३ मध्ये त्याला ३१ लाखांवर डॉलर आले. तेव्हा गाडी घेताना रंग, दर्जा, इंद्रधनुष्य हे सगळं बघून झालं की एअरबॅगा मोजा. आणि 'खोटं आहे म्हणतात' असं लिहिलेली जी पाकिटं तुमच्या कपाटात पडली आहेत, ती घरच्यांना एकदा दाखवून ठेवा.