अ‍ॅपची भाषा कशी निवडावी: साहेब लोकांसाठी

अ‍ॅप काढायचं ठरलं? अभिनंदन. ते काय करणार, कोण वापरणार, असल्या फालतू प्रश्नांत पडू नका. आधी प्रोग्रामिंगची भाषा ठरवा.

प्रोग्रामरला चुकूनही विचारू नका, तो शंका काढतो. त्यापेक्षा मेहुणा बरा. त्याने रील पाहिलेलं असतं.

मोठ्या कंपन्या काय वापरतात ते बघा. एअरबीएनबीने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप बनवायचं साधन) घेतलं, एवढं वाचलं की पुरे. २०१८ मध्ये सोडलं, ते कशाला वाचायचं?

कायमचा पाठिंबा गृहीत धरा. मायक्रोसॉफ्टचं तसलंच साधन झामरिन, ते वापरणाऱ्यांनीही धरला होता. मायक्रोसॉफ्टने तो काढून घेतला १ मे २०२४ ला. महाराष्ट्र दिनी!

‘एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा’ हा मंत्र मीटिंगमध्ये म्हणत राहा. आमच्याकडे म्हटला गेला. दूध संकलन केंद्राचं अ‍ॅप. काट्यावरचं वजन ब्लूटूथने फोनमध्ये घ्यायचं आणि पावती काढायची, एवढंच काम. पण हुकूम आला, गूगलचं दोन्हीकडे चालणारं साधन फ्लटरच हवं, आयफोनवरही चाललं पाहिजे. फ्लटर वाईट नाही हो! पण तो काटा जुन्या क्लासिक ब्लूटूथवर बोलतो आणि साहेबांच्या आवडीचं प्लगिन (आयता जोडायचा कोड) फक्त लो एनर्जीवालं, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या वेगळ्या ब्लूटूथचं. क्लासिकचं जे सापडलं त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. शेवटी काट्याचा सगळा भाग अँड्रॉइडच्या कॉटलिन भाषेतच लिहिला आणि चॅनेल, म्हणजे मधला दुवा, टाकून फ्लटरच्या डार्ट भाषेला जोडला. बग आला की आता दोन ठिकाणी शोधायचा. आयफोनच्या बिल्डला मॅक लागतो, अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात, हे कळलं शेवटच्या आठवड्यात. आणि संकलन केंद्रावर आयफोन किती? एकही नाही! सगळीकडे तडा गेलेल्या काचेचे स्वस्तातले अँड्रॉइड.

अँड्रॉइडची जुनी भाषा जावा म्हातारी झाली, असं अधूनमधून म्हणावं. तरुण दिसता.

डेमोच्या दिवशी विचारलंत काय, तर लोगो फिरतो का. अहो, पहाटे माणसं कॅन घेऊन रांगेत उभी असतात, वजन स्क्रीनवर येत नाही, सचिव वहीत आकडे लिहितो, आणि तुम्हाला लोगो फिरवायचाय? एकदा तरी केंद्रावर गेला होतात? काटा कसला, फोन कुठला, रेंज येते का, हे बघायला अर्धा तास लागला असता. तो तुम्हाला मिळाला नाही, आणि भाषा मात्र पाच मिनिटांत ठरवलीत. पुढच्या वेळी कोड ज्याला लिहायचाय त्याला विचारा. नाहीतर स्वतः लिहा.