‘आलो त्याच दाराने परत’? दार दिसलं तर!

सिंधुदुर्गातल्या निवतीजवळच्या समुद्रात ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका पर्यटकांसाठी बुडवायची योजना जाहीर झाली आणि स्कूबावाल्यांमध्ये एक फॉरवर्ड फिरू लागला: मुद्दाम बुडवलेलं जहाज साफ केलेलं असतं, आत धोका नाही. चांगला टॉर्च घ्या, आलात त्याच दाराने परत या. वाट चुकलीच तर बुडबुड्यांच्या मागे जा. अनुभवी माणसाला लाइन (बाहेरून आत सोडत न्यायची आणि धरून परत यायची दोरी) कशाला?

साफ केलेलं असतं, हे खरं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ‘की लार्गो’ बेटाजवळ २००२ साली बुडवलेली ‘स्पीगल ग्रोव्ह’ही साफच केलेली होती. १५५ मीटर लांबीची ही जुनी नौका ठरल्याप्रमाणे सरळ बसलीच नाही. कुशीवर पडून राहिली आणि २००५ च्या डेनिस वादळाने ती उभी केली. मार्च २००७ मध्ये तिच्या आत शिरलेल्या तिघा डायव्हरांचा जीव गेला. नवशिके नव्हते ते. लाइन लावलेली नव्हती.

आता ते ‘त्याच दाराने’. आत जाताना पाणी काचेसारखं असतं, म्हणून दार लक्षात राहतं. पण एक फिन (पायातलं पोहण्याचं वल्हं) तळाला लागली की गाळ उठतो. काहीच केलं नाही तरी तुमचेच बुडबुडे छताचा गंज खाली पाडतात. मग डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. टॉर्चचं तर दाट धुक्यात अपर लावलेल्या गाडीसारखं होतं, उजेड उलटा तोंडावर येतो. (टॉर्च तीन हवेत, एक मुख्य आणि दोन राखीव, पण ते अंधारासाठी, गाळासाठी नव्हे.) कंपासही पोलादाच्या पोटात भलतीच दिशा दाखवू शकतो.

बुडबुडे? ते छताला जाऊन अडकतात. दाराकडे कशाला जातील?

राहते ती लाइन. पहिली गाठ जहाजाबाहेर, मोकळ्या पाण्यात. दुसरी दाराच्या किंचित आत. पुढे जाताना ती ताणलेली ठेवायची, धारदार गंजक्या कडांपासून लांब. हात जाईल पण माणूस जाणार नाही अशा फटीत ती ओढली जाऊ द्यायची नाही, नाहीतर परतताना लाइन हातात आणि तुम्ही भिंतीला. गाळ उठला की अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात लाइन धरून चाचपत बाहेर यायचं. हे आधी किनाऱ्यावर डोळे बांधून, मग मोकळ्या पाण्यात शिकायचं असतं.

हवेबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. १२ लिटरचा, २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर म्हणजे साधारण २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर ३० मीटर खाली दाब चौपट, म्हणून ८०, म्हणजे अख्खा सिलिंडर अर्ध्या तासाचा. एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. जायला मिळाली दहा मिनिटं, त्यातही खाली उतरणं आलंच. हौशी डायव्हरने तर बाहेरचा उजेड दिसतो तिथवरच जायचं, पाण्याची खोली आणि जहाजाच्या आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या आत.