जांभळा हत्ती

मे महिन्यात ताई मुलांना आमच्याकडे सोडते आणि रिक्षात बसता बसता बजावते, "मोबाइल अजिबात देऊ नकोस हं त्यांना." रिक्षा वळते. मागे उरतो आम्ही तिघं: सई, ओम, मी. आणि समोर आख्खी दुपार.

गंमत अशी, की मोबाइल टाळण्यासाठी काय करायचं हेही मोबाइलवरच बघावं लागतं. 'कागदाचा थ्रीडी हत्ती, फक्त पाच मिनिटांत.' व्हिडिओत नुसते दोन हात दिसतात. त्या हातांना घाम येत नाही, नखांत फेविकॉल नसतो आणि मुख्य म्हणजे त्यांच्या कोपराला कुणी लोंबकळत नसतं.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मी कार्डशीट मागितली, तोवर सईने जांभळा घोटीव कागद उचलला होता. हत्ती जांभळा असतो का, हा प्रश्न दुकानदाराने विचारला, मी नाही. त्याला जे उत्तर मिळालं ते ऐकून त्याने मुकाट्याने सुट्टे पैसे दिले.

घोटीव कागद दिसायला देखणा, पण अंगात जोर नाही. म्हणून तो पातळ पोशाखासारखा वरून चिकटवायचा आणि आत 200 जीएसएमची कार्डशीट घालायची, असं ठरलं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. प्रिंटरचा 80 जीएसएमचा ए4 कागद भरतो जेमतेम 5 ग्रॅम. हत्ती व्हायची जबाबदारी त्याच्यावर टाकणं बरं नव्हे. शिवाय कागदालाही उभं-आडवं असतं. आतले तंतू ज्या दिशेने बसलेले असतात त्या दिशेने घडी सुरेख पडते, उलट दिशेने जाड कागद कुरकुरतो आणि घडीवर भेगाळतो. म्हणून आधी तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा, मग पट्टी धरून संपलेल्या रिफीलने रेघ दाबायची आणि त्या रेघेवर दुमडायचं. हे सगळं मी मुलांना तन्मयतेने समजावून सांगितलं.

"मामा," ओम म्हणाला, "शू."

तो परत येईपर्यंत सईने दोन्ही कान कापून ठेवले होते. एक हत्तीचा होता. दुसरा सशाचा असावा.

खरी परीक्षा चिकटवताना. पोट गोल वळवायचं, कडेची पट्टी आत सारायची आणि फेविकॉल धरेपर्यंत दाबून ठेवायचं. कागदाला मोकळं सोडलं की तो पुन्हा सपाट व्हायला बघतो, त्यामुळे हात काढायची सोय नाही. माझे दोन्ही हात असे हत्तीच्या पोटात अडकले की नाक खाजणार हे ठरलेलं. मदतनीस तेव्हा दुसऱ्या कामात. तळहातावर फेविकॉल पसरायचा, वाळू द्यायचा आणि मग त्याचा पापुद्रा सबंध, न फाटता सोलून काढायचा. ओमने काढलेल्या पापुद्र्यावर हाताच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. दिवसभरातलं सगळ्यात सफाईदार काम तेच, हे मला मान्य करावं लागलं.

मग पाय. तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही, कारण कुठलेही तीन बिंदू एका पातळीत बसतातच. चौथा आला की भांडण सुरू. मी एक पाय किंचित कापला, तर समोरचा लांब झाला. तो कापला, तर तिसरा. हत्ती बसका होत होत डुकराच्या उंचीला आला तेव्हा आईने कात्री काढून घेतली.

जपानमध्ये अकिरा योशिझावा (1911–2005) नावाचे ओरिगामीचे महागुरू होऊन गेले. तरुणपणी कारखान्यात हाताखालच्या लोकांना भूमिती समजावताना ते कागदाच्या घड्यांचा उपयोग करायचे. जाड कागद किंचित ओलसर करून दुमडायची त्यांची पद्धत जगभर गाजली. त्याने प्राण्यांना छान गोलाई येते आणि वाळल्यावर आकार टिकतो. आमच्याकडे ओलावा कोकम सरबताने पुरवला. ग्लास कुणी लवंडला याची चौकशी अजून चालू आहे. गोलाई आली, पण ती एकाच बाजूला.

तोवर हत्तीच्या जोडीला एक जिराफ, एक मांजर आणि जात न कळलेला एक प्राणी तयार झाले होते. चौघांपैकी एकही उभा राहीना. सईने थोडा वेळ विचार केला, सगळ्यांना आडवं केलं आणि जाहीर केलं, "रात्र झाली. झोपलेत सगळे."

इतका वेळ कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद होता. आई पदराने वारा घेत कोचावर तळमळत होती. तिने हे ऐकलं मात्र, "झोपलेत ना? मग लावते बाई आता पंखा," म्हणत तिने रेग्युलेटर पाचावर नेला.

जिराफ कोचाखाली, मांजर टीव्हीमागे, हत्ती थेट आजीच्याच मांडीत.

"आजी!" ओम टाळ्या पिटत ओरडला, "उठले सगळे! अजून जोरात लाव!"