बारा वर्षांच्या पोराला गद्दार ठरवू नका

गेल्या आठवड्यात भाची वक्तृत्व स्पर्धेचं भाषण दाखवायला आली. आठवीत आहे. विषय शिवरायांची शस्त्रं. अर्ध्यावर आलो आणि एका ओळीवर थांबलो: 'कोल्हापूरच्या गादीने पदवीच्या लोभापायी महाराजांची तलवार गोऱ्यांना विकली.' कुठून आणलंस म्हटल्यावर तिनं मोबाइल पुढं केला. दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. "मामा, आपल्याच राजानं विकली हे खरं हाय?" दर दसऱ्याला आमच्याबरोबर दसरा चौकात सोनं लुटायला येणारी पोरगी हे विचारते, तेव्हा गप्प बसवत नाही. दाजी, मान ठेवून सांगतो, पण सांगतो.

मेसेज थोडक्यात असा. इंग्रजांनी 1818 साली भवानी तलवार लुटली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, 2023 मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकात तीच मिरवली. रायगडचं सोन्याचं सिंहासन वितळवून त्यांनी आपला मुकुट घडवला. कोहिनूरही मराठ्यांच्या खजिन्यातलाच. आणि शेवटी, तलवार कोल्हापूरनं विकली. वर लुटली, खाली विकली! पुढं पाठवणाऱ्या एकालाही हे खटकलं नाही?

मुकुटाचं आधी संपवतो. इंग्लंडचा राजा राज्याभिषेकात जो सेंट एडवर्डचा मुकुट घालतो, तो 1661 मध्ये घडवलेला आहे. आपल्या महाराजांचा राज्याभिषेक 1674 चा. जे सिंहासन अजून घडलंच नव्हतं ते वितळवणार कसं? बत्तीस मणांच्या सुवर्णाच्या तख्ताचा उल्लेख सभासद बखरीत आहे, तो मला मान्य. पण रायगड 1689 मध्येच मोगलांच्या हाती गेला होता. इंग्रज तिथं पोचले 1818 मध्ये, म्हणजे 129 वर्षांनी. कोहिनूर 1849 मध्ये लाहोरच्या तहात दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतला. त्याचा कोल्हापूरशी संबंध नाही.

चार्ल्सच्या समारंभात दोन तलवारी ठळक दिसल्या. एक सतराव्या शतकातली त्यांची राज्याची तलवार, दुसरी चौथ्या जॉर्जसाठी 1820 मध्ये घडवलेली रत्नजडित तलवार. आपली तलवार त्यानंतर पंचावन्न वर्षांनी तिकडं गेली.

आता त्या तलवारीबद्दल. ती ब्रिटिश म्युझियममध्ये नाही, इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि त्या संग्रहाची स्वतःची नोंद सांगते की 1875-76 च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या महाराजांनी ती प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाला, भेट दिली. सरळ पातं, तेही युरोपी. त्यावरच्या पन्हळींत आय एच एस ही ख्रिस्ती अक्षरं ठोकलेली, आणि मुठीवर सोन्याची वेलबुट्टी. परदेशी पातं आणून इथल्या कारागिराकडून मूठ बसवून घेणं तेव्हा सर्रास चालायचं, म्हणून तर अशा तलवारीला फिरंग हा शब्द आला. कोल्हापूरच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, तिचं नाव होतं जगदंबा. 1980 मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा केली आणि लोकांच्या तोंडी तेच नाव बसलं. भवानी म्हणून पुजली जाणारी तलवार साताऱ्याला जलमंदिरात आहे. आणि 1875 पर्यंत जी वस्तू कोल्हापुरात होती, ती 1818 ला लुटली कशी?

पण मला खरा राग आहे तो शेवटच्या वाक्याचा. विकली म्हणे. कोणी विकली? 1870 मध्ये राजाराम महाराज विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. गादीवर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज, जन्म 1863 चा. नोव्हेंबर 1875 मध्ये युवराज मुंबईत उतरला तेव्हा त्यांचं वय बारा. भाचीपेक्षा लहान! राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली. शिलेखान्यातून काय काढायचं आणि कोणाच्या हातात ठेवायचं, हे त्या पोरानं ठरवलं असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का?

पुढं काय झालं तेही मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. त्या मुलाला वेडा ठरवलं. त्याचे हाल होतात म्हणून केसरी आणि मराठा या वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, कारभारी माधवराव बर्व्यांवर आरोप केले. पुरावा म्हणून ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती खोटी निघाली, आणि 1882 मध्ये टिळक-आगरकर बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस काढले तिथं. त्यांचा पुरावा कच्चा होता, पण छळ होत होता हे त्यांना दिसत होतं. महाराजांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. 25 डिसेंबर 1883 ला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा तिथंच अंत झाला. वय वीस. अशा माणसाच्या नावापुढं पदवीचा लोभ लिहायचा?

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. 'भेट' हा शब्दही मला पटत नाही. ज्याचं राज्य दुसऱ्याच्या मुठीत, त्यानं त्याच मालकाच्या पोराला दिलेली वस्तू मनापासूनची भेट कशी? त्यामुळं लुटीचा जो राग मेसेजमध्ये आहे, तो अगदी बिनबुडाचा नाही. तलवार परत मागावी, जोरात मागावी. पण मागताना नाव जगदंबा सांगावं लागेल, साल 1875 सांगावं लागेल. 'भवानी, 1818' अशी मागणी केली तर समोरचा आपलीच नोंदवही उघडून आपल्याला गप्प करेल.

वाघनखांचंही दोन ओळींत लिहिलंय त्या मेसेजात. ती 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्यात. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, हे ज्या संग्रहालयानं पाठवली तेच सांगतं. एवढं पुरे.

दाजी, तुम्ही तो मेसेज वाचून हळहळून पाठवलात, हे मला माहीत आहे. आता तो काढून टाका आणि ज्या चार ग्रुपवर गेलाय तिथं हे पाठवा. भाचीचं भाषण शनिवारी आहे. तिनं ती ओळ खोडली, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलंय: जगदंबा, मुंबई, 1875, महाराजांचं वय बारा.