मॅगझिनची शॉटगन म्हणे 'भरा आणि विसरा'!

परवा रात्री साडेअकराला मेहुण्याचा मेसेज, "दाजी, ही घेऊन टाकू का?" आणि खाली तोच व्हिडिओ, जो इथे टेक्सासमध्ये आपल्या निम्म्या लोकांच्या व्हॉट्सॅपवर फिरतोय. त्यात म्हणे, घरात चोर शिरला तर मॅगझिनवाली (काडतुसांची सुटी पेटी लावायची) सेमी-ऑटो (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) शॉटगन सगळ्यात भरवशाची, दहा काडतुसं भरा, पलंगाखाली ठेवा आणि विसरा, नेम धरायची गरज नाही, छर्रे भिंतीपलीकडे जात नाहीत, आर्मीपण हीच वापरते. मी काही एक्स्पर्ट नाही, बरीच वर्षं रेंजवर जातो एवढंच, पण हे ऐकून डोकं फिरलं.

त्यातलं "विसरा" तर कमालच आहे. अरे बाबा, बारा बोअरचं काडतूस म्हणजे पितळी गोळी नव्हे, खाली पितळी बूड आणि वर प्लास्टिकची नळी. बॉक्स मॅगझिनमध्ये स्प्रिंग खालून रेटत असते आणि सगळ्यात वरचं काडतूस मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या ओठांवर दाबलेलं राहतं, दिवसेंदिवस. प्लास्टिकच ते, चपटं होतं, त्यात इकडचा उन्हाळा आणि मॅगझिन गॅरेजमध्ये असेल तर विचारूच नका. रेंजवर एकाने तीन आठवडे भरून ठेवलेलं मॅगझिन आणलं होतं, पहिला बार निघाला, दुसऱ्याला अडकली, काढून बघितलं तर काडतूस गोल नाही, अंड्यासारखं. दुसऱ्या प्रकारच्या शॉटगनमध्ये मॅगझिनऐवजी बंदुकीच्या नळीखाली ट्यूब असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी झोपलेली असतात, दाब लांबीच्या दिशेने येतो, त्यामुळे हे लफडंच होत नाही.

दुसरं म्हणजे बुडाची कड. शॉटगनच्या काडतुसाला बाहेर आलेली कड असते, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोघं एकमेकांत अडकून बसतात. आपल्याकडच्या पोलिसांच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफलच्या गोळीलाही हीच कड, म्हणून ती भरताना प्रत्येक गोळीची कड खालच्या गोळीच्या पुढे येईल असं बघायचे. चांगल्या मॅगझिनमध्ये यावर उपाय केलेला असतो, मान्य, पण चारशे डॉलरच्या बंदुकीबरोबर आलेलं मॅगझिन चांगलंच असेल हे कशावरून?

आणि गॅसचं गणित वेगळंच. सेमी-ऑटो उडालेल्या काडतुसाच्याच जोरावर, बऱ्याचदा त्याच्या गॅसच्या दाबाने, पुढचा राउंड भरते, हलकं बर्डशॉट (बारीक छर्ऱ्यांचं काडतूस) टाकलं की जोर कमी पडतो आणि रिकामं टरफल बाहेर पडायच्या खिडकीतच अडकतं. सायगा-१२ ही मॅगझिनवाली शॉटगनच घ्या, रशियातल्या इझेव्हस्कची, कलाश्निकोव्हच्याच घराण्यातली, रशियावरच्या २०१४च्या निर्बंधांनंतर तिची इथली आयात बंद झाली. तिच्या मालकांनी गॅसची भोकं मोठी करून घेण्यात आणि पार्ट बदलण्यात किती वीकेंड घालवले ते त्यांनाच विचारा. नेमबाजीच्या स्पर्धेत ओपन डिव्हिजनवाले (ज्यांना बंदुकीत भरपूर बदल करायची मुभा असते) अशा बंदुका सुसाट चालवतात हे खरंय, पण घासून-पुसून, एकाच प्रकारच्या काडतुसावर जुळवून घेतलेल्या. डब्यातून काढली आणि पलंगाखाली सारली अशा नाहीत.

आता "आर्मीपण हीच वापरते". अमेरिकन मरीन्सनी १९९९ मध्ये निवडली ती बेनेली एम४, नाव दिलं एम१०१४. सेमी-ऑटो आहे, बरोबर, पण ट्यूबवाली! मॅगझिनवाली एम२६ अमेरिकन आर्मीकडे आहे, पण ती सेमी-ऑटो नाही, प्रत्येक बार उडवल्यावर बोल्ट (काडतूस आत सारणारा दट्ट्या) हाताने ओढावा लागतो. म्हणजे व्हिडिओवाल्याने दोन वेगळ्या बंदुका जोडून तिसरीच तयार केली.

नेम धरायची गरज नाही हे तर पिक्चरमधलं. ढोबळ हिशोब यार्डाला एक इंच, म्हणजे अठरा फुटांच्या पॅसेजमध्ये छर्रे पसरणार सहा इंच, वीतभरही नाही. नेम चुकला तर सगळेच चुकले. आणि चुकलेले जातात कुठे? आपल्या डोक्यात गावाकडची विटांची भिंत असते, इथली भिंत म्हणजे दोन बाजूंना अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड आणि मध्ये पोकळी. डबल-ऑट बकशॉटचा (मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसाचा) एकेक छर्रा साधारण साडेआठ मिलिमीटरचा, अशा भिंती तो एकामागे एक पार करत जातो. मेहुण्याच्या बेडरूमपलीकडच्या खोलीत त्याचा आठ वर्षांचा मुलगा झोपतो.

त्या मुलावरून आठवलं, मेहुणा म्हणतो "चेंबर रिकामा ठेवीन ना", म्हणजे मॅगझिन भरलेलं, पण नळीच्या मागच्या खणात काडतूस नाही. टेक्सासच्या पीनल कोडचं कलम ४६.१३ वाच. निष्काळजीपणामुळे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर गुन्हा, आणि भरलेली म्हणजे काय तेही तिथेच लिहिलंय: चेंबरमध्ये राउंड असो वा नसो. पलंगाखाली काय घंटा सुरक्षित?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. पंप (पुढची मूठ हाताने मागेपुढे ओढायची शॉटगन) कधीच अडकत नाही म्हणणारेही फेकतातच, घाबरलेला माणूस पंप अर्धवट ओढतो आणि मग ती पण ठप्प. सेमी-ऑटोचा धक्का खांद्याला कमी बसतो, माझ्या बायकोलाही तीच आवडते. पण ट्यूबवाली.

मेहुण्याला सांगितलंय, आधी पटकन उघडणारी कुलूपपेटी घे, मग रविवारी रेंजवर ये आणि जी बंदूक घ्यायची म्हणतोस ती भाड्याने घेऊन शंभर राउंड मार, जे घरात ठेवणार तेच काडतूस वापरून. अजून रिप्लाय नाही, निळ्या टिका मात्र आल्यात.